उजव्या रांगेचं वचन

१

सोनबा साळवेला माती देऊन चार दिवस झाले, तेव्हा त्याच्या बायकोने फ्रीज पुसायला घेतला. दाराच्या खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे, तिला लपवून ठेवलेली इन्सुलिनची सहा पेनं सापडली. सहाही कोरी. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

विजयश्री फरशीवरच बसली. ती पेनं तिनेच आणली होती, दर महिन्याला दोन. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पहाटेपासून पोळ्या लाटायच्या आणि येताना मोशीच्या मेडिकलमध्ये थांबायचं, असा तिचा नेम.

"कामावरून रोज फोन करायचे मी, ताई. घेतलं का इंजेक्शन? घेतलं म्हणायचे. अडीच महिने माणूस माझ्याशी खोटं बोलला. कुणी सांगितलं ह्यांना सोडायला? आणि एवढ्या सगळ्या आपल्या माणसांत कुणालाच पत्ता नसावा?"

ताई म्हणजे प्रभावती, सोनबाची थोरली बहीण. वय सत्तावन्न, राहायला चऱ्होलीच्या नव्या इमारतीत, नोकरी ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची. तीस वर्षांत तिच्या टेबलावरून खराब नग पुढे गेला नाही, असं शॉपमधले लोक सांगत, आणि पाठ फिरली की तिला 'लाल शाई' म्हणत. ह्या लाल शाईने फ्रीजचं दार हलकेच लावलं. उत्तर मात्र दिलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं ते खरंच होतं. साखर वाढली, पायाची जखम चिघळली, विष रक्तात गेलं. पण अठरा वर्षं बिनतक्रार सुई टोचून घेणारा माणूस एका सकाळी सुई टोचून घ्यायचं का थांबवतो, हे लिहायला त्या कागदावर रकाना नसतो.

प्रभावतीने भावाचं पवित्र शास्त्र उघडलं. त्यातून एक कार्ड खाली पडलं, पत्त्याच्या पानाएवढं, सोनेरी कडेचं. नव्या वर्षाचं वचन. एक जानेवारीच्या सकाळी उपासनेला सगळ्यांनी पिशवीत हात घालून एकेक कार्ड काढायचं. त्यावर शास्त्रातली एक ओळ असते, आणि ती देवाने आपल्याला वर्षभरासाठी दिली असं धरायचं. ख्रिस्ती घरांत ही रीत आजीपणजीपासून चालत आलेली. ह्या कार्डांवर एरवी काय असतं? मी तुझ्याबरोबर आहे, भिऊ नको, तुझं भांडं भरून वाहील. गोड गोड सगळं.

सोनबाच्या कार्डावर आसा नावाच्या राजाची ओळ होती. त्याच्या पायांना भारी रोग जडला, आणि आजारात त्याने देवाकडे धावण्याऐवजी वैद्यांकडे धाव घेतली.

प्रभावतीने ती ओळ दोनदा वाचली. पायाला जखम असलेल्या माणसाने डोळे मिटून पिशवीत हात घालावा आणि नेमका पायाचा रोगी राजा हाताला लागावा! तिने सवयीने कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या फिकट अक्षरांत छापलं होतं: लॉट ०२, नग ४०.

"ते जागेवर ठेव, आत्या."

दारात सोनबाची मुलगी उभी होती, स्वरूपा. वीस वर्षांची, मोशीच्या एका गोदामात डिस्पॅचला काम करणारी. "ते पप्पांचं आणि देवाचं आहे. आणि आता माझ्या गोळ्यांचंही विचारत बसू नकोस. पप्पांना माती दिली त्या दिवसापासून मी पण बंद केल्यात."

२

स्वरूपाला आठव्या वर्षापासून फिट येत. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, आणि त्या गोळ्यांच्या जोरावर तिने बारावी केली, स्कूटी शिकली, नोकरी धरली. रोज ट्रकांच्या गर्दीतून ती त्या स्कूटीवरून गोदामात जात असे. गोळ्या सोडून स्कूटी चालवणं म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिला ते कळत होतं आणि तरीही ती सोडून बसली होती, हेच भयंकर होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. वचनाने सांगितलं. मला जानेवारीतच मिळालं होतं, पण माझा विश्वास कच्चा. पप्पांचा पक्का होता."

"आणि पप्पा गेले."

"मम्मी दर महिन्याला पेनं आणून फ्रीजमध्ये ठेवत होती ना? घरात एकाने विश्वास धरायचा आणि दुसऱ्याने संशय विकत आणायचा. पास्टरांनी समजावलं मला. मम्मी रविवारी सगळ्यांसमोर क्षमा मागणार आहे, आणि मी माझ्या विश्वासाची साक्ष देणार आहे."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. विजयश्रीने ऐकलं होतं. नवऱ्यासाठी औषध आणलं म्हणून बाईने क्षमा मागायची! प्रभावतीच्या मस्तकात तिडीक गेली, पण तिने आवाज चढवला नाही.

"तुझं कार्ड दाखव."

"वचन कुणाला दाखवायचं नसतं. दाखवलं तर त्याची ताकद जाते."

हा नियम प्रभावतीला तेव्हाही खटकला होता. नगरकडच्या तिच्या गावच्या जुन्या चर्चमध्ये कार्ड काढलं की तिथेच मोठ्याने वाचायचं. कुणाला काय आलं यावर बायका हसत, म्हातारे माना डोलावत. ही 'जीवनझरा फेलोशिप' आली तीन वर्षांपूर्वी, आणि तिच्याबरोबर आले पास्टर शेखर. त्यांनी रीत तीच ठेवली, फक्त तिच्या तोंडाला कुलूप लावलं.

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती. यंदा तीन रांगा होत्या. आजारी माणसं उजवीकडे, त्यांना फार वेळ उभं राहायला नको म्हणून. आजाऱ्यांच्या घरचे मध्ये. बाकी सगळे डावीकडे. प्रत्येक रांगेपुढे एक मखमली पिशवी. किती काळजी, असं सगळ्यांना वाटलं होतं. सोनबा आणि स्वरूपा उजवीकडे गेले, प्रभावती मधल्या रांगेत. विजयश्रीची कँटीनला ड्यूटी होती, तिने कार्ड काढलंच नव्हतं. तिच्यावर ठपका यायला तेवढंही पुरलं होतं.

प्रभावतीने शास्त्रातला तो अख्खा अध्याय वाचून काढला. कार्डावरच्या ओळीच्या आधी बरंच काही होतं. आसा राजाला एका द्रष्ट्याने तोंडावर सांगितलं की तुझं चुकलं. राजाने काय केलं, तर त्या खरं बोलणाऱ्या माणसालाच तुरुंगात घातलं. रोग त्याच्यानंतरचा. म्हणजे गोष्ट औषधाची नव्हतीच, मस्तवालपणाची होती. कुणीतरी त्या गोष्टीचं शेपूट कापून गरीब माणसाच्या हातात दिलं होतं.

"तुझ्या पप्पांजवळ रोज संध्याकाळी कोण बसायचं?" तिने विचारलं.

"यशवंतराव काका. दोघं दार लावून प्रार्थना करायचे."

"आणि ही कार्डं छापली कुणी?"

"त्यांनीच," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्हाणीघरात फिट आली.

३

कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या, स्वरूपाने त्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि ड्रॉवर बंद केला. विजयश्रीने स्कूटीची किल्ली पोळपाटाखाली लपवली. रविवारला तीन दिवस होते.

प्रभावतीने रजा टाकली आणि फेलोशिपच्या हॉलवर गेली. मोशी-आळंदी रस्त्यावर टाइल्सच्या दुकानाच्या वरचा मजला. पास्टर शेखर तिथेच बसत. माणूस देखणा, आवाज मऊ. आधी कंपन्यांमध्ये ट्रेनर होते, त्यामुळे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला जागं कसं ठेवायचं आणि नेमकं कुठे रडवायचं, हे त्यांना बरोबर ठाऊक.

"या, सिस्टर. सोनबा म्हणजे मंडळीचं रत्न होतं. चहा?"

"चहा नको. माझ्या भावाला औषध सोडायला कुणी सांगितलं?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी फोन काढून स्वतःचाच एक उपदेश लावला. 'डॉक्टर ही देवाची देणगी आहे, कुणीही आपल्या मनाने औषध बंद करू नये,' असं ते स्पष्ट शब्दांत म्हणत होते.

"दर रविवारी सांगतो. सगळं रेकॉर्ड आहे. मी कधी औषध सोडा म्हटलं असेल, तर एक वाक्य दाखवा."

प्रभावतीकडे वाक्य नव्हतं. आदल्या दिवशी तिने कानात हेडफोन घालून एकामागून एक अकरा उपदेश ऐकले होते. पार्ट ड्रॉइंगशी ताडून बघावा तसं ऐकलं होतं. शब्दन्‌शब्द मापात. फक्त प्रत्येक उपदेशाचा शेवट एकच होता: 'मी काही सांगत नाही. तुमच्या हातात आलेलं वचन काय सांगतं, ते ऐका.' डॉक्टरची गोष्ट ते सांगत आणि लगेच तिच्यावरचा हात काढून घेत.

"पिशव्या तीन का होत्या?"

"गर्दी, सिस्टर. दुसरं काय?"

"कार्डं कुणी निवडली?"

"यशवंतरावांना वचनांची यादी दिली, त्यांनी छापली. पुढे कोणतं कार्ड कुणाच्या हातात गेलं, हे मला कसं कळणार? ते देवालाच ठाऊक. म्हणून तर ते वचन." मग ते जरा पुढे झुकले आणि आवाज आणखी मऊ केला. "तुमच्या मनावर ओझं दिसतंय. ठेवू नका. तुम्ही तुमचं वचन पाळलंत. देवाने तुमच्याकडे तेवढंच मागितलं होतं."

प्रभावती उठली. ती जिना उतरू लागली. त्या वाक्याने तिला खरंच बरं वाटलं होतं, आणि म्हणून तिला स्वतःची किळस आली. अर्ध्या जिन्यात ती थांबली.

कोणतं कार्ड कुणाच्या हातात गेलं हे देवालाच ठाऊक, म्हणतात. मग तिने तिचं वचन पाळलं, हे पास्टर शेखरना कुणी सांगितलं? तिने ते कार्ड कुणाही जिवंत माणसाला दाखवलेलं नव्हतं.

४

यशवंतरावांचा लेबलं छापायचा कारखाना भोसरीत, दोन गाळ्यांचा. पार्टच्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं, त्यावर नाव, नंबर, लॉट, नग. चाळीस वर्षं हेच केलेला माणूस. प्रभावतीला पाहून ते उठायला गेले आणि धापा टाकत पुन्हा बसले. चेहरा पांढराफटक.

लोक यशवंतरावांकडेच बोट दाखवत होते. रोज संध्याकाळी सोनबाच्या कानाशी तेच लागलेले, कार्डं छापणारेही तेच. प्रभावतीलाही येईपर्यंत तसंच वाटत होतं.

"प्रभाताई, मी त्याला एका शब्दानं सांगितलं न्हाई औषध सोड म्हनून," ते स्वतःहूनच म्हणाले. "आमी दोघं नुसती प्रार्थना करायचो. त्यानं सोडलंय हे मला त्याच्या मयताला कळलं."

तिने सोनबाचं कार्ड उलटं करून पुढे ठेवलं. "हे काय छापलंय?"

यशवंतराव ओशाळले. "सवय वो. लॉट आन्‌ नग टाकल्याबिगर मशीनवरनं कागद सोडवतच न्हाई मला. पास्टरांच्या ध्यानातबी आलं नसंल. बारीक टाकलंय."

"नग चाळीस म्हणजे काय? चाळीस वेगवेगळी वचनं?"

त्यांनी रजिस्टर काढलं. बोट एकेका ओळीवरून खाली आलं. लॉट ०१, नग तीनशे, वचनं तीस, प्रत्येकी दहा. लॉट ०२, नग चाळीस, वचन एक. लॉट ०३, नग चाळीस, वचन एक.

"एकच वचन, चाळीस वेळा?"

"व्हय. पास्टर म्हनले, वर्षभर सभा असत्यात, तिथं वाटायला लागतील. मी म्हनलं असंल. मोठ्या मानसाला कोन विचारतंय?" बोलता बोलता त्यांचा हात शर्टच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

प्रभावतीने ते पाहिलं. "तुम्ही कोणत्या रांगेत होता?"

"उजव्या. हृदयात स्टेंट हाय ना माझ्या."

"काढा ते."

यशवंतरावांनी खिशातून कार्ड काढलं. आसा राजा. लॉट ०२.

"मीच छापलेलं, ताई," ते हळू म्हणाले. "मला वाटलं, तीनशे ऐंशीत हे चाळीसच. बाकी सगळी गोड वचनं सोडून हेच माझ्या हाताला लागावं? मग हा देवच बोलतोय. घरी आलो आन्‌ रक्त पातळ करायच्या गोळ्या मोरीत टाकल्या."

"यशवंतराव, तुमच्या पिशवीत दुसरं कार्डच नव्हतं."

मशीन चालू होतं, लेबलांची पट्टी फरशीवर उतरत होती, ती कुणी उचलली नाही. दोन मित्र अडीच महिने दार लावून शेजारी शेजारी गुडघे टेकत होते. दोघांच्या खिशात एकच कार्ड, आणि एकानेही दुसऱ्याला ते दाखवलं नव्हतं. एकदा जरी दाखवलं असतं, तरी सोनबा आज जिवंत असता. कुलूप कशासाठी लावलं होतं, ते प्रभावतीला आता कळलं.

"पण का, ताई? सोनबा मेल्यानं पास्टरांना काय मिळालं?"

"मेलेला नको होता त्याला. बरा झालेला हवा होता. चाळीस जणांनी औषध सोडलं, तर पाचदहा जण असेही धडधाकट राहतात. त्यांना स्टेजवर उभं करायचं, रेकॉर्डिंग करायचं. बाकीच्यांचा विश्वास कमी पडला म्हणायचं. आणि त्याच्या तोंडून एक वाक्य गेलेलं नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर बोट तुमच्याकडे जाणार."

तिने त्यांच्या सुनेला फोन लावून आधी त्यांना दवाखान्यात पाठवायची सोय केली. मग विचारलं, "रविवारी हे रजिस्टर घेऊन उभे राहाल?"

यशवंतरावांनी दुसराच प्रश्न विचारला. "तुमचं कार्ड कोनत्या लॉटचं, ताई? मधली रांग म्हंजे शून्य तीन ना?"

त्यांची नजर रजिस्टरमध्ये लॉट ०३ पुढे लिहिलेल्या वचनावर गेली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर आली. प्रभावतीने रजिस्टर मिटलं. ते वचन तिला वाचायची गरज नव्हती.

५

रविवारी हॉल गच्च भरला होता. विजयश्री पहिल्या ओळीत खाली मान घालून बसली होती. कपाळाला पट्टी बांधलेली स्वरूपा माईक धरून उभी होती. पास्टर शेखर तिच्या मागे, डोळे मिटून.

"स्वरूपा," प्रभावती आपल्या जागेवरून उठून म्हणाली, "साक्ष देण्याआधी मी तुझं वचन सांगू का?"

"आत्या, नको."

"तुझं कार्ड मी पाहिलेलं नाही. खरं की नाही, ते तू सांग. आसा राजाला पायांचा रोग झाला आणि तो वैद्यांकडे धावला."

स्वरूपाच्या हातातला माईक खाली आला. "तू माझं शास्त्र उघडलंस?"

"नाही. मला मागच्या ओळीतल्या त्या थायरॉइडवाल्या मावशींचं कार्डही ठाऊक आहे. खिडकीजवळच्या, टीबीची औषधं सोडलेल्या भाऊंचंही. उजव्या रांगेत जे जे उभे होते, त्यांनी कार्डं बाहेर काढा आणि शेजाऱ्याला दाखवा. एकदाच."

आधी कुणी हललं नाही. मग मावशींनी पर्स उघडली. मग खिडकीजवळून एक हात वर झाला. मग पाकिटं उघडली, शास्त्रांची पानं उलटली, आणि हॉलभर सोनेरी कडेची कार्डं दिसू लागली. माणसं एकमेकांच्या हातात डोकावत होती. प्रभावतीला वाटलं, संपलं. आता ह्यांना कळलं.

"हालेलूया!" पास्टर शेखर गरजले.

त्यांनी माईक स्वरूपाच्या हातून केव्हा घेतला, ते तिलाही कळलं नसेल. त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. "बघा! चाळीस माणसं, आणि देवाने प्रत्येकाला एकच शब्द दिला! हा योगायोग आहे? देव ह्या मंडळीशी ओरडून बोलतोय, आणि सिस्टर प्रभावतींच्या तोंडून त्याने आज ते उघड केलं!"

माणसं उठून उभी राहिली. कुणी हात वर केले, कुणी हुंदके देऊ लागलं. मावशी ते कार्ड छातीशी धरून डोलत होत्या.

"उलटं करा!" प्रभावती ओरडली. "कार्ड उलटं करा! मागे लिहिलंय, नग चाळीस! छापलेत चाळीस! त्या पिशवीत दुसरं काही नव्हतं! यशवंतराव, सांगा ह्यांना!"

यशवंतराव मागच्या दाराशी उभे होते, बगलेत रजिस्टर. आले होते, एवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं. "मीच छापल्यात," ते म्हणाले. "सगळी एकच हायेत. माझी चूक झाली..." पण पास्टरांनी कीबोर्डवाल्याला बोटाने खूण केली होती, पाठोपाठ ढोल वाजायला लागला, आणि दम लागलेल्या म्हाताऱ्याचा आवाज तीन खुर्च्यांच्या पलीकडे गेला नाही. ज्यांनी ऐकला त्यांतल्या एकाने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. चूक कबूल केली, देव क्षमा करेल, म्हणाला.

कार्ड उलटं करून पाहणारी माणसं प्रभावतीने मोजली. ती मोजणारच. पाच होती.

पाचवी स्वरूपा. दिवसभर गोदामात तीच अक्षरं वाचून खोकी गाडीवर चढवणारी पोर. तिने ते लेबल वाचलं, स्टेजवर डोलणाऱ्या पास्टरांकडे पाहिलं, मग खाली उतरली आणि आईच्या दंडाला धरून म्हणाली, "मम्मी, चल घरी. तुला कुणाची क्षमा मागायची नाहीये."

जिना उतरेपर्यंत वरून गाणं ऐकू येत होतं. छान जमलं होतं गाणं.

६

घरी विजयश्री चहा ठेवायला आत गेली. स्वरूपाने जेवणाच्या टेबलावर दोन कार्डं शेजारी शेजारी मांडली, एक तिचं, एक बापाचं.

"एका घरात होतो आम्ही, आत्या. एका ताटात जेवायचो. मला वाटायचं, पप्पांना काहीतरी मोठं वचन मिळालंय, म्हणून ते इतके शांत आहेत."

प्रभावतीने पर्समधून गोळ्यांची नवी पट्टी काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवलं. चोर सापडला होता. पोलिसांत जाऊन काय सांगायचं, हे तिने मनाशी जुळवलंही होतं. फारसं काही होणार नाही, तेही तिला ठाऊक होतं. शास्त्रातली ओळ छापणं हा गुन्हा नाही. पण ही मुलगी जगेल. तेवढं तरी झालं होतं.

"आणि तुझं?" स्वरूपाने विचारलं. "तुला काय मिळालं होतं?"

प्रभावती खोटं बोलू शकली असती. डाव्या रांगेचं एखादं गोड वचन सांगितलं असतं, की काम भागत होतं. पण तीस वर्षांत तिने खराब नग पुढे ढकलला नव्हता. एकदाच ढकलला होता, आणि त्याचीच ही चौकशी होती. तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून कार्ड काढून मुलीच्या हातात दिलं.

तू गप्प राहा, तुझी लढाई देव लढेल, अशा अर्थाची ओळ होती. मागे लॉट ०३, नग ४०.

स्वरूपाने ते वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. पोर हुशार होती.

"गप्प कशाबद्दल, आत्या?"

प्रभावतीने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"पप्पांनी इन्सुलिन सोडलंय, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बारा जानेवारी. त्यानेच सांगितलं. म्हणाला, ताई, विजूला बोलू नकोस, ती घाबरेल. मी त्याच्याशी भांडणार होते. त्याला उचलून दवाखान्यात नेणार होते. घरी जाऊन हे कार्ड काढून बघितलं आणि..." तिने पर्स मिटली. "मला बरं वाटलं गं. भांडायला नको, कुणाशी वाईटपणा घ्यायला नको, आणि वर देवाची आज्ञा पाळल्याचं समाधान. पास्टरने कार्ड हातात दिलं असेल. पण गप्प बसायला मला कुणी धरून ठेवलं नव्हतं."

"साठ दिवस," स्वरूपा म्हणाली. तिने मोजले होते.

ती उठली. भिंतीजवळचा ड्रॉवर उघडून तिने डॉक्टरांनी दिलेली आपली पट्टी काढली, माठातून स्वतः पाणी घेतलं आणि उभ्या उभ्या गोळी गिळली. आत्याने भरून ठेवलेला पेला तसाच टेबलावर राहिला.

दारात विजयश्री ट्रे घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. कुणालाच पत्ता नसावा, असं चार दिवसांपूर्वी तिने ह्याच घरात विचारलं होतं, आणि जिला विचारलं होतं तिने फ्रीजचं दार लावलं होतं. तिने एक कप मुलीसमोर ठेवला, एक स्वतःच्या जागेवर ठेवला, आणि तिसरा कप ट्रेसकट परत आत नेला.